जाहीरनाम्यातला ओढा

ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात पत्रकं नव्हती आणि मागे घोषणा देणारी माणसंही नव्हती. खांद्याला पर्स, हातात शाळेची दोनशेपानी वही. फाटकाबाहेर पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यात एक पुरुष बसलेला दिसत होता. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"काकू, तुम्ही नकाशे काढायच्या ना?" तिने विचारलं.

मी सरकारी नोकरीत आरेखक होते. ट्रेसिंग पेपरवर दुसऱ्यांच्या जमिनींच्या रेघा गिरवण्यात माझं सगळं उमेदीचं आयुष्य गेलं. त्या नोकरीत एक सवय लागली ती अजून सुटलेली नाही. कुणी नकाशाचं नाव काढलं की मी आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघते आणि मनात म्हणते, ह्याला कुठली रेघ हलवायची आहे?

तिला मी ओळखत होते. आमच्या गावची ती मागच्या वेळची सरपंच. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. कितीतरी वर्षं रखडलेल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुका एकदाच्या लागल्या होत्या, आमचा गट महिलांसाठी राखीव झाला होता आणि तिने अपक्ष म्हणून अर्ज भरला होता. राखीव जागेवर बाई उभी राहते आणि कारभार नवरा बघतो, हे आमच्याकडे इतकं चालत आलंय की कुणी त्यावर बोलतही नाही. त्यामुळे माझं अर्धं लक्ष तिच्याकडे होतं आणि अर्धं गाडीतल्या माणसाकडे.

"ते कोण?" मी विचारलं.

"आमचे मालक."

"मग आत बोलवा की."

"नको. ते बसतील तिथंच. मॅच चालू आहे मोबाईलवर."

मला काही ते पटलं नाही.

तिने वही उघडून माझ्यासमोर ठेवली. गोल, सावकाश काढलेलं अक्षर होतं. वर लिहिलं होतं, 'गटाची वाढ : आधी काय, नंतर काय'. खाली पाच कलमं. पहिलं, ओढा मोजून त्याची हद्द कायम करायची आणि त्यावर टाकलेला मुरूम काढायचा. दुसरं, पाण्याची सोय दाखवल्याशिवाय नवीन लेआउटला ग्रामपंचायतीने ना हरकत द्यायची नाही. तिसरं, गायरान कुणालाही द्यायचं नाही. चौथं, हायवे ओलांडून शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी भुयारी रस्ता. पाचवं, सगळ्या वसाहतींना जोडणारा एक पक्का रस्ता.

आम्ही इथे प्लॉट घेतला तेव्हा शहराचं सावेडी उपनगर संपलं की ज्वारी सुरू व्हायची. रिक्षावाला पुढे यायला तयार नसायचा. आता आमच्या घराच्या पुढेही कमानी लागल्यात, एकेका कमानीवर फुलांची नावं, आणि आत टँकरची वाट बघणारी माणसं. तेव्हा तिची पाच कलमं मला पटण्यासारखीच होती. पटण्यासारखी होती म्हणूनच मी जास्त सावध झाले. आमच्या जिल्ह्यात दर निवडणुकीत प्रत्येक उमेदवार आपल्या गावाचं हिवरे बाजार करून दाखवणार असतो.

"ह्यातलं निम्मं जिल्हा परिषदेच्या हातातच नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे, काकू. पण मागं लागायला कुणीतरी हवं ना."

"हे तुम्ही लिहिलंय?"

"मीच." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "मला जाहीरनाम्याच्या मागच्या पानावर आपल्या भागाचा नकाशा छापायचाय. कुठं वस्ती वाढू द्यायची, कुठं नाही, ते दिसलं पाहिजे. लोक जाहीरनामा वाचत नाहीत. पण नकाशा दिला की आपलं घर शोधतात."

हे वाक्य मला आवडलं. मी हो म्हटलं. पैसे घेणार नाही, आणि रेघ जिथे असेल तिथेच काढीन, असं दोनदा सांगितलं. ती हसली. माझं नाव तुम्हाला कुणी सुचवलं, असं विचारल्यावर मात्र तिने वही पर्समध्ये कोंबली. "सगळ्यांनाच माहीत आहे की," म्हणाली आणि गेली. गाडी वळून जाईपर्यंत मी फाटकापाशी उभी होते. सगळ्यांना माहीत असण्यासारखं माझं काम कधीच नव्हतं.

गावनकाशात ओढा दुहेरी रेघेने दाखवलेला आहे. उत्तरेकडच्या माळावरून उतरतो, गावाला वळसा घालून पुढे सीनेकडे जातो. पण कागदावरचं बघून मी कधी नकाशा पुरा केला नाही, आणि आता तर करणारच नव्हते. दोन दिवसांनी सकाळी चालत गेले. जिथे ओढा असायला हवा होता तिथे सपाट मुरूम होता, चुन्याने रंगवलेले दगड होते आणि तीन-चार ठिकाणी कमरेइतक्या कंपाउंडच्या भिंती. वेड्या बाभळींची एक वाकडी रांग तेवढी राहिली होती. कडेला एक म्हातारेबाबा शेळ्या चारत होते.

"बाबा, ओढा कुठून जात होता?"

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे. "कशाला इचारताय? पलाट घ्यायचाय व्हय?"

"नाही हो. नकाशा काढायचाय."

"समदे आदी नकाशाच काढत्यात." त्यांनी काठीने दाखवलं. "ह्या बाभळीपासनं त्या भितीच्या मदनं. लई पानी यायचं. पाऊस झाला की आमी दोन-दोन दिस पल्याड अडकायचो. आता पानी आलं तर कुटं जाईल, त्ये त्यांनाच इचारा."

"कुणाला?"

"आता तुमाला म्हाईत न्हाई व्हय," ते म्हणाले आणि शेळ्या हाकत निघाले. मला माहीत नव्हतं. पण त्यांना ते खरं वाटलं नाही, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

मी आठवडाभर नकाशावर बसले. जेवणाचं टेबल अडवलं. बऱ्याच दिवसांनी हातात शाई होती, तरी रेघ अजून चांगली येत होती. मुलगा, सून आणि मी एकाच घरात राहतो. ते वर, मी खाली. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, सून एका खासगी शाळेत शिकवते. मुलाला माझ्या कामाचं कधी फारसं कौतुक नव्हतं. त्या आठवड्यात मात्र तो रोज कामावरून आला की टेबलाशी उभा राहायचा.

"ओढा एवढा अलीकडे येतो का गं?" एकदा त्याने विचारलं.

"येतो. गावनकाशातही तसाच आहे आणि जागेवरही."

"पण आता तर तिथे काहीच नाही. जे नाही ते कशाला दाखवायचं?"

"बुजवला म्हणून नाहीसा होतो का?"

 मोबाईल काढून त्याने नकाशाचा फोटो घेतला. गाडीतल्या माणसाची मॅच मला खोटी वाटली होती, शेळीवाल्या बाबांचं बोलणं मी मनात उलटसुलट करून बघितलं होतं. पण पोटच्या मुलाने फोटो घेतला तेव्हा मला नुसतं बरं वाटलं. उशिरा का होईना, आईचं काम ह्याला आवडलं.

नकाशा देण्याच्या आदल्या दिवशी तिचा नवरा एकटाच आला. अंगाने थोराड, आवाज मात्र बसका. चहा नको म्हणाला, खुर्चीच्या कडेवर बसला.

"काकू, तेवढं ओढ्याचं... म्हणजे ओढा असू द्या, पण रेघ जरा बाभळींच्या पलीकडं घेता आली तर..."

आठ दिवस मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. राग आलाच, पण खरं सांगायचं तर आधी समाधान वाटलं. माझा अंदाज चुकला नव्हता.

"तुमची जमीन आहे का तिकडे?" मी विचारलं.

"नाही, नाही! माझी कशाची?"

"मग तुमच्या बाईसाहेबांना हे माहीत आहे का, तुम्ही इथे आलात ते?"

"तिला सांगतोच मी. मला आपलं कुणीतरी म्हणालं, एकदा काकूंना विचारून बघा."

"कोण म्हणालं?"

त्याने जिन्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "जाऊ द्या. तुमच्या मनाला पटेल तसं करा." आणि उठून गेला.

मी लगेच मोबाईल घेतला. सातबारा आता घरबसल्या बघता येतो, आणि ते मी सेवानिवृत्तीनंतर हौसेने शिकून घेतलेलं आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांचे गट नंबर माझ्यासमोरच्याच नकाशात होते. एकेक टाकत गेले. नवऱ्याचं नाव शोधत होते, तिच्या सासऱ्याचं, दिराचं, तिच्या माहेरचं. कुठेच सापडलं नाही. तरी मी थांबले नाही. माझ्यासारखी माणसं थांबत नाहीत. पाचव्या की सहाव्या गटात गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेली जमीन निघाली. एका सातबाऱ्यावर सामाईक म्हणून नावांची रांगच होती. त्या रांगेत माझ्या सुनेचं नाव होतं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिचं नाव, मधे माझ्या मुलाचं, शेवटी आमचं आडनाव.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी दोघं खाली चहाला आले तेव्हा मी मोबाईल टेबलावर, नकाशाच्या शेजारी ठेवला आणि मुलाकडे सरकवला. त्याने बघितलं आणि कप खाली ठेवला.

"सांगणारच होतो तुला."

"कधी?"

"आई, सगळे घेतात. माझ्या कंपनीतल्या सहा जणांनी घेतलेत तिथे. तुला आधी सांगितलं असतं तर तू गावनकाशा घेऊन बसली असतीस."

"बसलेच असते. अर्धा प्लॉट ओढ्यात आहे तुमचा."

"तेव्हा मला कुठे माहीत होतं? तिथे सपाट जमीन होती. आता तुझ्या नकाशावरून कळलं."

"आणि त्या माणसाला माझ्याकडे कुणी पाठवलं?"

त्याने मोबाईल उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "आम्ही कॉलेजात एकत्र होतो. त्यांना नकाशा काढणारं माणूस हवं होतं, मीच तुझं नाव सुचवलं. वाटलं, नाहीतरी कुणीतरी काढणारच, तर आपल्या घरातच असू दे. नंतर तू रेघ काढलीस ती बघून मी त्याला म्हटलं, तू बोल, ती माझं ऐकणार नाही."

मी सुनेकडे वळले. मला वाटतं, माझा आवाज चढला असावा. "आणि तू? नाव तुझं आहे सातबाऱ्यावर. तुलाही बोलावंसं वाटलं नाही?"

तिने कप बाजूला सरकवला. "आई, मला जागा कुठली तेही दाखवलं नव्हतं. बायकोच्या नावावर घेतलं की खर्च कमी येतो म्हणाले. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले, जिथे बोट ठेवलं तिथे सही केली."

 नाव बाईचं आणि कारभार नवऱ्याचा, ह्या ज्या गोष्टीचा संशय मी आठ दिवस दुसऱ्याच्या बाईवर घेत होते ती माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होती, रोज सकाळी माझ्यासाठी दूध तापवत होती.

नकाशातला ओढा मी हलवला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दोनदा खोडरबर हातात घेतलं होतं. शाईची रेघ रबराने जात नाही हे मला माहीत असूनही घेतलं होतं.

संध्याकाळी मी नकाशा घेऊन उमेदवारबाईच्या घरी गेले. ओसरीत प्रचाराचं सामान पडलं होतं, तीन-चार बाया पत्रकांना घड्या घालत होत्या. तिला बाजूला बोलावून मी सरळ सांगितलं, "ह्या ओढ्यावर माझ्या सुनेचा प्लॉट आहे. मला कालपर्यंत माहीत नव्हतं. उद्या कुणी बोलायच्या आत तुम्हाला सांगितलेलं बरं."

तिने नकाशा उलगडला. बोटाने ओढ्याची रेघ माळापासून खालपर्यंत बघत आली.

"मला माहीत होतं, काकू," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी काल घरी आल्या आल्या सगळं सांगितलं. मी त्यांना बोलले, मित्राचा निरोप घेऊन गेलातच कशाला म्हणून. पण मी म्हटलं, काकू स्वतः काय करतात ते बघू."

"म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेतलीत?"

"तुम्ही नाही का घेतली माझी? पहिल्या दिवसापासून?" ती हसत म्हणाली, पण ते काही गमतीत नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं. तिच्या नवऱ्याबद्दलही वाईट वाटलं. तो बिचारा खरंच मॅच बघत असणार.

इथवर सगळं सुरळीत वाटेल. पण चार दिवसांनी छापलेला जाहीरनामा माझ्या हातात आला. मागच्या पानावर माझा नकाशा होता, ओढ्यासकट. पुढचं पान उलटलं तर वहीतली कलमं जागची हलली होती. पक्का रस्ता पहिल्या नंबरवर आला होता. ओढा चौथ्यावर गेला होता आणि 'मोजून हद्द कायम करायची, मुरूम काढायचा' ह्याच्या जागी 'ओढ्याच्या संवर्धनासाठी पाठपुरावा करणार' असं झालं होतं. पाठपुरावा हा शब्द मी नोकरीत फार वेळा बघितला आहे. ज्या कागदाचं काही होणार नसतं त्यावर तो असतो.

मी फोन केला. ती कुठल्याशा वस्तीवर होती, मागे हलगी वाजत होती.

"काकू, ओढा पहिला ठेवला तर सगळ्या लेआउटमधली मतं जातात," ती ओरडून म्हणाली. "मी निवडूनच आले नाही तर मोजणीला अर्ज कोण करणार? नकाशा तर ठेवलाय ना मी!"

"कलमं कुणी बदलली?"

"मीच," ती म्हणाली. पहिल्या दिवशी म्हणाली होती तसंच. ह्या वेळी मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

मी तिला मत दिलं. केंद्रावर बटण दाबताना मला तिची खात्री वाटत होती असं म्हणणार नाही. बाकीच्यांच्या पत्रकांत ओढ्याचा शब्दसुद्धा नव्हता, एवढंच. ती थोडक्या मतांनी निवडून आली. गुलाल उधळला गेला, आमच्या फाटकावरही पडला. मग महिना-दीड महिना काही हललं नाही. रस्त्याची खडी मात्र येऊन पडली. जाता-येता मी त्या ढिगांकडे बघायची आणि मनात म्हणायची, बघ, आलं ना कलम पहिलं!

घरात ह्या विषयावर बोलणं बंद होतं. मुलगा खाली यायचा, भाजी काय आणू विचारायचा, जायचा. माझ्यावर त्याचा राग होता की स्वतःवर, हे मला कळत नव्हतं. एकदा फाटक लावताना तो म्हणाला, "तुझ्या उमेदवाराने काही केलं नाही म्हणजे बरंच झालं म्हणायचं."  आतून मलाही, अगदी क्षणभर, बरंच झालं असं वाटलं होतं. आपल्याच मनाचा असा भरवसा राहू नये, हे वाईट असतं.

उन्हाळा चढला आणि मोजणीची नोटीस आली. निवडून आलेल्या त्या बाईने अर्ज खरंच केला होता. कधी, ते कुणाला बोलली नव्हती. नोटीस सुनेच्या नावावर होती. तिने ती टेबलावर ठेवली आणि जाहीरनाम्याचं मागचं पान माझ्यासमोर धरलं.

"आई, हे वाचायचं कसं ते मला दाखवा."

तीन दुपारी मी तिला शिकवलं. उत्तर कुठली, गटाची हद्द कशी ओळखायची, दुहेरी रेघ म्हणजे काय, तुटक रेघ म्हणजे काय. मी सांगायची ते ती शाळेच्या वहीत उतरवून घ्यायची आणि मधेच असे प्रश्न विचारायची की मला थांबून विचार करावा लागायचा. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी एवढं बोललो नव्हतो.

मोजणीच्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन भाजत होतं. मोजणीवाले यंत्र लावून उभे होते, प्लॉटवाले घोळका करून. काही जण कोर्टात जायच्या गोष्टी करत होते, काही आमच्याकडे बघून हळू आवाजात बोलत होते. नकाशा कुणी काढला ते आता खरोखरच सगळ्यांना माहीत झालं होतं. ती, आमची जिल्हा परिषदेची सदस्य, पदर डोक्यावर घेऊन बाभळीच्या सावलीत उभी होती. रस्त्याच्या ठेकेदाराशीही हसून बोलत होती आणि प्लॉटवाल्यांशीही. मी ते लक्षात ठेवलं.

आमच्या प्लॉटपाशी आल्यावर मोजणीवाल्याने कागद बघत विचारलं, "इथले मालक कोण?"

मुलगा पुढे झाला. "मी. म्हणजे, माझ्या मिसेसच्या नावावर आहे."

"मग त्यांना बोलवा."

"मी इथंच आहे," सून म्हणाली.

खुणेची खुंटी ठोकली ती कंपाउंडच्या भिंतीपासून अकरा पावलं आत. निम्म्याहून जास्त जागा ओढ्यात गेली. मुलाने तोंड फिरवलं. सुनेने मोजणीवाल्याला पुन्हा एकदा मोजायला लावलं, स्वतः फितीचं टोक धरलं. मग पंचनाम्याचा कागद हातात घेऊन उभ्या-उभ्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. कुणीतरी म्हणालं, "करा की ताई सही, ऊन लई हाय." तिने मान वर केली नाही. पानाच्या मागची बाजूही वाचली, एका ठिकाणी गट नंबर चुकला होता तो दुरुस्त करून घेतला, आणि मग सही केली.

ओढ्यावरचा मुरूम अजून पुरता निघालेला नाही. दोघा-तिघांनी स्थगिती आणली आहे. वरच्या अंगाला एक तुकडा मोकळा झालाय. रस्ता मात्र पूर्ण झाला. सुनेच्या वाट्याला उरलेल्या पट्टीचं काय करायचं, हे तिने मुलालाही सांगितलेलं नाही आणि मलाही नाही. परवा शाळेतून येताना ती परस्पर त्या सदस्यबाईंकडे जाऊन आली, एवढं मला कळलंय. कशाला गेली होती, ते मी अजून विचारलेलं नाही.